सासूबाईंची वाकळ, यजमानांची उशी आणि तुमची मान

प्रश्न: मी सेलूची. वय ४४. घरीच शिलाईकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको. दोन महिने झाले, सकाळी उठलं की मान धरलेली असते, डावीकडं वळवताच येत नाही. कढत पाण्यानं आंघोळ केली की दहा वाजेपर्यंत मोकळी होते. यजमानांनी ऑनलाइन मेमरी फोमची उशी मागवून दिली, अडीच हजारांची. मधे खोलगट, एक कड उंच, दुसरी त्याहून कमी. ती घेतल्यापासून जास्तच दुखतंय, पण एवढे पैसे घातलेत म्हणून बोलता येईना. सासूबाई म्हणतात, “भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. आम्ही जन्मभर वाकळंची घडी उशाला घेतली, कधी मान धरली नाही. ती उशी उन्हात टाक, मान सुटंल.” माझ्या रुखवतातल्या दोन कापसाच्या उशा माळ्यावर आहेत, पण त्या दगड झाल्यात. आता घरातल्या सगळ्यांसाठी एकदाच चांगल्या उशा घ्याव्यात म्हणते. कोणत्या घेऊ? नणंद बाळंतपणाला आलीय, ती म्हणते बाळासाठी मोहरीची उशी शिवून ठेव. आणि हो, मामंजींना दिवाळीपासून दोन-तीन उशा लागायल्यात, त्यांच्यासाठी एक चांगली जाड बघायचीय.
— एक वाचक, सेलू

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तिथंच थांबावं लागलं. मानेचं सगळं सांगते. आधी मामंजी.

आजवर एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला दोन-तीन लागायला लागल्या, तर तो उशीचा प्रश्न नसतो. हृदयाच्या पेशंटला डॉक्टर मुद्दाम विचारतात, “रात्री किती उशा घेता?” कारण आडवं झालं की पायांत उतरलेलं पाणी आणि रक्त छातीकडं परततं. हृदय थकलेलं असेल तर त्याला तो भार ओढवत नाही, फुप्फुसात पाणी साचायला लागतं आणि दम कोंडतो. माणूस आपोआप उंच होऊन झोपतो. त्याला स्वतःलाही कळत नाही की आपण असं का करतोय. विचारलं तर “आडवं पडलं की खोकला येतो” एवढंच सांगतो. तुम्ही आज संध्याकाळी एवढं बघा: घोट्यापाशी अंगठ्यानं दाबलं की खड्डा राहतो का, चप्पल घट्ट व्हायलीय का, रात्री दचकून उठून खिडकीपाशी बसतात का, जिना चढताना मधे थांबतात का. यातलं काहीही असो वा नसो, या आठवड्यात त्यांना फिजिशियनकडं न्या. ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको, एवढ्यात बरंच कळतं. मध्यरात्री एकदम दम लागून उठले, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

कदाचित हे हृदयाचं नसेलही. दमा असेल, नाहीतर साधं जळजळीचं. रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल तर डोक्याखाली उशांचा ढीग रचून उपयोग होत नाही; मान पुढं वाकते, पोट दाबलं जातं आणि पाणी आणखी वर येतं. तिथं पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून सहा-आठ इंच उंच करतात, म्हणजे सगळं अंगच उतारावर येतं. पण हे डॉक्टरांनी बघितल्यावर. तोवर जाड उशी आणू नका. तिच्यानं त्यांना बरं वाटेल आणि दुखणं झाकून जाईल, मला भीती त्याचीच आहे.

आता तुमची मान.

गेली वीस वर्षं मी नांदेडला फिजिओथेरपी करते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला सुरुवात झाली की मान धरलेले पेशंट वाढतात, हे दरवर्षीचं. माणूस तोच, उशी तीच, मग एका रात्रीत बिघडलं काय? खालची गादी बदलली. उशीचं काम एवढंच आहे: मान आणि गादी यांच्यामधली पोकळी भरायची. मानेत सात मणके असतात आणि त्यांना पुढच्या बाजूला हलकासा बाक असतो. उताणं झोपलात तर पोकळी लहान, तो बाक भरेल एवढीच. कुशीवर झोपलात तर पोकळी मोठी, कान आणि गादी यांच्यामधे अख्खा खांदा येतो. ही पोकळी कमी भरली तर डोकं खाली लोंबतं, जास्त भरली तर वर ढकललं जातं. दोन्हीकडं मानेचे स्नायू चार-पाच किलोचं डोकं रात्रभर ओढून धरतात. सकाळी ते आखडणारच.

म्हणून “कोणती उशी चांगली” याला उत्तर नाही. तुमचा खांदा किती, तुम्ही कशा झोपता आणि खाली काय आहे, यावर ते ठरतं. दुकानदाराला यातलं एकही ठाऊक नसतं. तुम्हाला मात्र घरच्या घरी मोजता येतं, आणि मापं घेणं तर तुमचं रोजचंच काम.

भिंतीला डावा खांदा टेकवून ताठ उभ्या राहा, नजर समोर. मुलाला सांगा शाळेची पट्टी घेऊन कानापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोज. तुमच्यासारख्या बेताच्या अंगाच्या बाईचं हे साधारण ४ ते साडेचार इंच भरतं. रुंद खांद्याच्या पुरुषाचं ५ ते ६. कुशीवर झोपणाऱ्याला डोकं टेकल्यावर उशीची एवढी उंची उरली पाहिजे. दुकानात उशी फुगलेली दिसते तेव्हाची उंची धरायची नाही, दाबली गेल्यावरची धरायची. उताणं झोपणाऱ्याला यापेक्षा बरीच कमी, तीनेक इंच पुरते. आणि पालथं झोपायची सवय असेल तर मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, तिथं कोणतीच उशी धड नाही. एकदम पातळ घ्या आणि सवय मोडायला बघा.

आता यात गादी येते. खाली फोमची मऊ गादी असेल तर खांदा आत रुततो, पोकळी कमी होते, उशी इंचभर कमी लागते. गच्चीवर सतरंजी टाकून झोपलात तर खांदा जराही रुतत नाही, तिथं तीच उशी कमी पडते. बाजेवर उलटं: सुतळी सैल पडलेली असली की अंग झोळीत गेल्यासारखं खाली जातं आणि डोक्याखालची उशी उंच वाटायला लागते. म्हणजे एकाच माणसाला तीन ठिकाणी तीन उंच्या. मे महिन्यातल्या त्या पेशंटांचं कोडं हेच.

आणि इथंच तुमच्या सासूबाई बरोबर ठरतात. वाकळेची घडी ही जगातली सगळ्यात शहाणी उशी आहे. एक पदर काढला की उंची कमी, एक घातला की जास्त. जुन्या लुगड्याचं सुती कापड, घाम शोषणारं. त्यांनी जन्मभर आपल्या मापाची उशी वापरली, फक्त तिला मापाची म्हटलं नाही. निजेला धोंडा ही म्हण मात्र मी पूर्ण मानत नाही. दिवसभर कापूस वेचून आलेल्या विशीतल्या पोरीला धोंड्यावर झोप लागेल. चाळिशी ओलांडल्यावर धोंडा झोप देईलही, पण सकाळी मान परत देत नाही.

त्यांचाच उपाय आधी करून बघा, पैसा लागत नाही. एक जाड चादर घ्या, सोलापुरी असेल तर उत्तम. घडी घालत घालत तुम्ही मोजलेल्या उंचीपर्यंत आणा. घडीची कड मानेच्या बाकात यावी, खांदा घडीवर चढता कामा नये. पुष्कळ जण अर्धा खांदाही उशीवर टाकतात आणि मग उशीला दोष देतात. कुशीवर झोपा आणि मुलाला पाठीमागून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटोत मान आणि पाठ एका सरळ रेषेत दिसली पाहिजे, दोरा ओळंब्याला लावतात तशी. डोकं खाली झुकलेलं दिसलं तर एक पदर वाढवा, वर उचललेलं दिसलं तर एक काढा. तीन-चार रात्री तीच उंची ठेवा, रोज बदलू नका. ज्या घडीवर सकाळी मान सुटी वाटेल ती पट्टीनं मोजून ठेवा. तेच तुमचं माप.

आता अडीच हजारांचं बोलू. मेमरी फोम वाईट नाही. चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासासाठी विमानाच्या आसनात धक्का जिरवायला तो तयार केला. ऊब आणि दाब मिळाला की तो मऊ होतो, हात काढला की सावकाश मूळ आकारात येतो. म्हणजेच हवा बदलली की त्याचा स्वभावही बदलतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, रात्री भिंतींतून झळा येतात, त्यात वीज गेलेली. अशा रात्री तो जास्तच मऊ पडतो, डोकं रुततं आणि कानशिलं तापतात. परभणीच्या थंडीत पहाटे पारा ५-६ वर आला की तोच कडक लागतो. कारखान्यानं ही उशी आपल्या माळवदाच्या घरासाठी केलेली नाही.

पण तुमचा त्रास बहुतेक वेगळाच आहे. त्या उशीची उंच कड कुशीवर झोपणाऱ्यासाठी असते आणि कमी उंचीची उताणं झोपणाऱ्यासाठी. तुम्ही कशा झोपता ते लिहिलं नाहीत. उताण्या झोपत असाल आणि उंच कड मानेखाली येत असेल, तर हनुवटी छातीला टेकवून तुम्ही रात्रभर मशीनवरच बसल्यासारख्या आहात. उशी फिरवून कमी उंचीच्या बाजूवर दोन रात्री झोपून बघा. तरीही नाही जमलं तर मोजा: त्या उशीची उंच कड पाच इंचांच्या आसपास निघाली, तर ती तुमच्या नाही, यजमानांच्या खांद्याची आहे. त्यांचं भिंतीपाशी माप घ्या, जुळलं तर उशी त्यांना देऊन टाका. “तुमच्याच मापाची निघाली” म्हटलं की पैसे वाया गेल्याचं कुणी म्हणणार नाही.

एक उघडून बघायची गोष्ट: आतली चेन. मागं एकदा मीही ‘मेमरी फोम’ म्हणून उशी आणली होती, दुकानाचं नाव कशाला सांगू. महिन्यात तिच्यात खड्डे पडले. खोळ उघडली तर आत रंगीबेरंगी फोमचा चुरा, निळा, पिवळा, काही तुकड्यांना जुना गोंद चिकटलेला. सोफ्याच्या कारखान्यातली कातरण असावी. तुमच्यासारख्या खोलगट उशीतला खरा मेमरी फोम एकसंध असतो. बोट दाबून काढलं की खळगा दिसतो आणि दोन-चार सेकंदांत भरून येतो. लगेच उसळी मारली तर तो साधा फोम.

मग तुम्ही काय घ्यावं? मी म्हणेन, काहीच घेऊ नका. माळ्यावरच्या उशा खाली काढा. सेलू-मानवतचं जिनिंग उशाशी असताना आपण बाहेरचा फोम मागवतो, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्यातल्या एकीची एका बाजूची शिवण अंगणात बसून उसवा. आत कापूस दिसणार नाही, गोळे दिसतील: काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, घट्ट, पिवळट. मधूनच सरकीचं टरफल, काडीकचरा. डोकं टेकायची जागा रिकामी झालेली आणि सगळा माल चार कोपऱ्यांत पळालेला. कापूस घाम आणि तेल पितो, वर्षानुवर्षं डोक्याखाली दाबला जातो आणि त्याचे धागे एकमेकांत गुंतून गोळे होतात. कापूस मेलेला नसतो, पिंजला की पुन्हा उमलतो. पूर्वी पिंजारी दारात यायचा, ओसरीवर बसून तांतीचा टण् टण् आवाज काढत कापूस हवेत उडवायचा आणि आम्ही पोरं ढिगाऱ्यात उड्या मारून शिव्या खायचो. आता टेम्पोवर यंत्र ठेवून “गादी, उशी भरून घ्या” म्हणत भोंगा लावून येतात, नाहीतर गावातल्या गादीवाल्याकडं नेऊन द्यायचं. काम तेच होतं. फक्त पिंजताना समोर थांबा, आपलाच कापूस परत येतोय एवढं बघा.

गादीवाल्याला एकच सांगायचं: गच्च भरू नका. आपल्या लोकांना गच्च उशी म्हणजे पैसे वसूल वाटतात, म्हणून तो न सांगता ठासून भरतो, किलो-सव्वा किलो सहज. तुम्ही विरोध केला तर म्हणेल, “ताई, महिन्याभरात बसंल.” तेही खोटं नाही. तेव्हा तुमचं माप चार इंच निघालं तर पाच भरून घ्या. आणि तुम्ही तर शिलाईवाल्या! खोळीच्या एका बाजूला स्वतःच चेन लावा. बसली की मूठभर घालायचा, उंच वाटली की मूठभर काढायचा. हा बारीक फेरफार अडीच हजारांच्या उशीत करता येत नाही.

कुणी सावरीच्या कापसाचं सुचवलं तर तेही उत्तम. काटेसावरीची लाल फुलं फेब्रुवारी-मार्चात येतात, पुढं बोंडं तडकतात आणि रेशमासारखा कापूस उडायला लागतो. त्याचा धागा आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून हलका राहतो, पाणी चटकन पीत नाही, थंड वाटतो. सूत काढायला मात्र निरुपयोगी, हातातून निसटतो. बाजारात त्याच्या नावाखाली साधा कापूस मिसळून देतात, तेव्हा ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. रेक्रॉनसारख्या फायबरच्या उशा स्वस्त, धुता येतात, पण लवकर बसतात. पाहुण्यांसाठी ठेवायला ठीक.

उन्हाचं राहिलंच. माझी आजीही मान धरली की उशी उन्हात टाकायला लावायची. उशी तापल्यानं मान सुटत नाही, हे उघड आहे. पण कापसातली ओल जाते, तो फुगतो, उशीची उंची अर्धा-पाऊण इंच वाढते आणि त्या रात्री डोकं लोंबायचं थांबतं. कुबट वास जातो तो वेगळा. म्हणजे कापसाच्या उशीला सासूबाईंचा उपाय पंधरा दिवसांतून एकदा जरूर करा. फोमच्या उशीला चुकूनही नको! कडक उन्हात फोम पिवळा पडतो आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. ती सावलीत, वाऱ्यावर टाकायची. आणि अभ्रा आठवड्याला धुवा असं मी सांगते खरी, पण २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात हे वाक्य तोंडातून काढायची लाज वाटायची. पाण्याची ओढ असेल तेव्हा अभ्र्यावर पंचा अंथरा. पंचा तांब्या-दोन तांब्यांत निघतो.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते सांगते. तुमच्या मानेचं निम्मं दुखणं उशीत नाही, मशीनमधे आहे. दिवसाचे सात-आठ तास सुईवर नजर, मान खाली, खांदे वर. लग्नसराईत त्याहून जास्त. रात्री उशी कितीही मापात असली तरी ती दिवसभराचं भरून काढू शकत नाही. मशीनखाली फळी घालून ती थोडी उंच करा, किंवा स्टूल कमी करा. सुई दिसायला मान किती वाकते ते आरशात बघा. बॉबिन भरायची वेळ आली की उठून उभं राहायचं, हा नियमच करा. तेव्हा ताठ उभं राहून हनुवटी सरळ मागं ओढायची, जणू कुणी गालगुच्चा घ्यायला आलंय आणि तुम्ही मागं सरताय. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. सकाळी कढत पाण्यानं बरं वाटतं म्हणता, तर तोच शेक रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं घ्या. आणि झोपण्याआधी भिंतीला उशी लावून, मान मोडून मोबाइल बघत असाल, तर ते तुम्हीच कबूल करा.

मान दुखून हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली होऊन सुई-कात्री हातातून सुटत असेल, चालताना पाय अडखळत असतील, किंवा मान दुखणं पडल्या-आपटल्यापासून सुरू झालं असेल, तर उशीचे प्रयोग बाजूला ठेवून तपासून घ्या. ताप येऊन मान ताठ झाली तर तेवढाही वेळ घालवू नका. हे काही नसेल तर उशी आणि मशीन दोन्ही दुरुस्त केल्यावर तीनेक आठवड्यांत फरक पडायला हवा. नाही पडला तरी दाखवा.

नणंदबाईंना सांगा, मोहरीची उशी शिवायची नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कसलीच उशी लागत नाही. नाक दबून श्वास अडकायची भीती असते. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं. डोकं गोल व्हायला मोहरी लागत नाही, बाळ जागं असताना कुणाच्या तरी नजरेखाली थोडा वेळ पोटावर खेळवलं तरी पुरतं. तुम्हाला शिवायचीच हौस असेल तर नणंदेसाठी शिवा. या दिवसांत डाव्या कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे लांबट उशी घेतली की कंबरेला फार आराम पडतो. माळ्यावरच्या दुसऱ्या उशीचा कापूस तिला पुरेल.

सासूबाईंची वाकळ काढून घेऊ नका. त्यांचं ठीक चाललंय.

भोंगावाला कधी येईल तेव्हा येईल, कापूस थांबेल. मामंजींना मात्र सोमवारच्या आतच न्या आणि डॉक्टरांना “दिवाळीपासून उशा वाढल्यात” हे याच शब्दांत सांगा. ते स्वतः सांगणार नाहीत. काय निघालं ते दोन ओळींत कळवा. उशीचं नंतर लिहिलंत तरी चालेल.